अडतीस पानं

सदानंद मंगळवारी जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता. शुक्रवार आला तरी तो जिन्यावरच होता.

"उतरला का वं तो?" सतरंजीवर बूड टेकता टेकता देवकाबाईंनी विचारलं.

"तीन पायऱ्या उतरला," तानाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "चवथीवर थांबला हाये. विचार करून राह्यला."

"अजून किती बाकी हायेत?"

"चौदा."

"मंग तं तो अंगनात येईपर्यंत शेतातल्या तुरीच निंगतीन," पौर्णिमा म्हणाली, आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

तानाबाईही हसल्या. पण हसू ओठांच्या आत गेलं नाही. मांडीवर सहाशे बारा पानांचं जाडजूड पुस्तक होतं, 'उत्तरेकडची खिडकी' नावाचं, आणि त्यातली दोनशेच्या वर पानं सरली तरी त्यातल्या माणसाला अंगणात आणणं त्यांना जमलं नव्हतं. जणू लिहिणाऱ्याची नव्हे, त्यांचीच चूक होती.

बोरगाव मेघेच्या बुद्धविहाराच्या ओसरीवर दुपारी दोनला ऊन येतं आणि चारला जातं. तेवढे दोन तास बायकांचे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की तिथे रोज ग्रंथवाचन होतं आणि आश्विन पौर्णिमेनंतर खीरदान करून त्याची समाप्ती होते. गेली बावीस वर्षं वाचनाची बैठक तानाबाईंची. जिल्हा परिषदेतून त्या अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या, पण वस्तीत त्यांना त्या खुर्चीवरून कोणी ओळखत नाही, आवाजावरून ओळखतात. ग्रंथवाचनाचे नियमही त्यांनीच घालून दिलेले. पांढरं लुगडं नेसायचं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचं, एक शब्द गाळायचा नाही. आणि वाचन चालू असताना मधे कोणी बोलायचं नाही.

यंदा समाप्तीच्या दिवशी खीर खाता खाता बायका कुरकुरल्या. आता दुपारी काय करायचं? घरी टीव्ही आणि टीव्हीपुढे नवरा. तेव्हा तानाबाईंनी चौदा बायकांसमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं, "मी कादंबरी वाचते. मोठी, नावाजलेली. ग्रंथासारखीच वाचीन, एक ओळ सोडनार नाई. शेवटच्या पानापर्यंत नेईन तुमाले."

दुसरं कुठलंही पुस्तक त्यांना निवडता आलं असतं. हेच का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

एकोणीसशे बहात्तर साली वर्ध्याच्या कॉलेजात त्या बी.ए.ला होत्या. पुलगावच्या गिरणीतल्या कामगाराची मुलगी, दोन लुगडी आणि एक शाईचा पेन. ग्रंथालयाच्या कपाटातून त्यांनी हीच कादंबरी काढून हातात घेतली, तेवढ्यात मागून मराठीचे प्राध्यापक आले. चांगले गृहस्थ होते, कधी कोणाला टाकून बोलायचे नाहीत. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग तानाबाईंकडे पाहिलं, आणि अगदी मायेनं म्हणाले, "हे राहू दे. तुमच्या लोकांना जड जाईल. काहीतरी सोपं घे." तानाबाईंनी पुस्तक परत ठेवलं. एकवीस वर्षांच्या होत्या. आज कोणी असं म्हटलं असतं तर ठेवलं नसतं, पण तेव्हा ठेवलं.

खरं म्हणजे वाचण्याचं भय त्यांना कधीच नव्हतं. आठ वर्षांच्या होत्या तेव्हापासून त्या वाचून दाखवत आल्या. गिरणीची पाळी सुटली की वडील आणि त्यांच्यासोबतची दहा-बारा माणसं लिंबाखाली बसायची, आणि ताना पेपर वाचायची. बातम्या, बाजारभाव, मेळाव्यांची निवेदनं, केस काळे करणाऱ्या तेलाची जाहिरात. ती जाहिरात सोडून द्यायला लागली तर वडील म्हणायचे, "ते बी वाच. छापलं ते समद्यायसाठी छापलं." आणि ती राठ हातांची, अक्षर न आलेली माणसं तेलाची जाहिरातसुद्धा डोळे मिटून ऐकायची.

तर अशा त्या तानाबाई. दोन वर्षांपूर्वी वर्ध्याच्या पुस्तक प्रदर्शनात त्यांना 'उत्तरेकडची खिडकी' पुन्हा दिसली, नव्या आवृत्तीत, चकचकीत वेष्टणात. त्यांनी ती उचलली आणि या वेळी मागे वळून पाहिलं नाही. हे पुस्तक पूर्ण वाचायचं, आणि एकटीनं नाही, आपल्या बायकांना बसवून वाचायचं. जड जातं का पाहू.

जड गेलं नाही. एकही वाक्य असं नव्हतं की तानाबाईंना ते कळलं नाही. अडचण वेगळीच होती. कळत सगळं होतं आणि होत काहीच नव्हतं.

गोष्ट अशी. नदीकाठी एक घर. त्या घराला उत्तरेकडे एक खिडकी. सदानंद नावाचा माणूस त्या खिडकीपाशी बसून असतो. त्याचा थोरला भाऊ केशव एका पहाटे घर सोडून गेला. का गेला? सदानंदानं त्याला घालवला की आत्यानं? की तो मेलाच? लिहिणारा सांगत नाही. सांगतो असं दाखवतो आणि मागे घेतो. 'आत्या हसली असावी, किंवा खिडकीतून येणाऱ्या उजेडाने तसे वाटले असावे.' असं वाक्य आलं की तानाबाईंच्या कपाळावरची शीर उडायची. अहो, हसली की नाही हसली? तुम्ही लिहिताय ना? तुम्हाला ठाऊक नाही तर कोणाला ठाऊक?

पण वाचताना हे बोलायची सोय नव्हती. नियम त्यांचाच होता. बायका गप्प बसून ऐकायच्या, जांभया पदराआड द्यायच्या, आणि तासाभरानं पुस्तक मिटलं की काही न बोलता उठायच्या. ग्रंथाला जो नियम शोभतो तो कादंबरीला लावून आपण गळा आवळतोय, हे तानाबाईंच्या ध्यानात येत नव्हतं. बायका मात्र कमी होत गेल्या. कापूस वेचणीचे दिवस आले तशा चार गेल्या, ते समजण्यासारखं होतं. पण ज्यांचं शेत नव्हतं त्याही गेल्या. एकीचे पाहुणे आले ते महिनाभर गेलेच नाहीत. एकीला दुपारचं ऊन सोसेना. नोव्हेंबर संपता संपता सहा जणी उरल्या. त्यात देवकाबाई रोज.

देवकाबाई ऐंशीच्या पुढच्या. मूळच्या आंजीच्या, जन्म दुसऱ्यांच्या शेतात आणि स्वतःच्या दोन गाईंमागे गेला. अक्षराशी ओळख नाही, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. येऊन भिंतीला टेकायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. त्या झोपतात अशीच सगळ्यांची समजूत होती.

घरी प्रेमदासांना हे सगळं दिसत होतं. रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलायला मिश्किल, आणि बायको साहेबीण झाली तेव्हापासून तिला मॅडम म्हणणारे.

"मॅडम, आज किती पब्लिक होतं?"

"सहा."

"परवा आठ होते. असंच चाललं तं पुढच्या महिन्यात तुमीच वाचा अन् तुमीच आयका."

"तुमी पेपर वाचा तुमचा."

"मी काय म्हनतो, काही पानं गाळून टाका ना. लवकर गाडी ठेसनात येईन. तिथं कोनाले समजते? निम्म्या तं झोपून राहतात."

तानाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "चाळीस वर्षं माह्यासोबत राह्यले अन् हे बोलता? मी पानं गाळू?"

"बरं, नोका गाळू," प्रेमदास म्हणाले. "रागावू नोका. भाकर जळून राह्यली."

बोलणं तिथंच संपलं, पण शब्द डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तानाबाईंनी पुढची पानं आधीच चाळून पाहायला घेतली. दोनशे एक्कावन्नवर धुकं सुरू झालं. पान उलटलं, धुकं. अजून उलटलं, धुक्यात खिडकीची चौकट, चौकटीवरची बुरशी, बुरशीचा रंग, लहानपणी पाहिलेली दुसरी बुरशी. त्या भराभर पुढे गेल्या. 'केशव' हा शब्द दिसतो का, 'पत्र' हा शब्द दिसतो का, एवढंच पाहत गेल्या. थेट दोनशे एकोणनव्वदावर केशवचं नाव आलं. अडतीस पानं धुकं! तीन दुपारी! या तीन दुपारींत उरलेल्या सहा जणीही जातील, आणि मग शेवटचं पान कोणापुढे वाचायचं?

त्यांनी कपाटातून कागद दाबून धरायची मोठी चिमटी काढली आणि ती अडतीस पानं एकत्र दाबून टाकली. चिमटी लावताना हात थांबला नाही. फायलीतली नको असलेली पानं बाजूला करायची सवय होती हाताला. नंतर मात्र पोळीचं पीठ मळताना त्यांना उगीच वाटत राहिलं की कोणीतरी मागे उभं आहे.

दुपारी त्या दोनशे पन्नासच्या शेवटच्या ओळीवरून सरळ दोनशे एकोणनव्वदावर आल्या. आवाज जराही अडखळला नाही. आणि खरंच, वाचन रंगलं. केशवची जुनी पेटी उघडली गेली, आत्या रडली, नक्की रडली. बायकांनी माना वर केल्या. पौर्णिमा शिलाईचं हातकाम घेऊन यायची, तिची सुई थांबली. जाताना ती म्हणाली, "काकू, आज मजा आली बा." तानाबाई पुस्तक पिशवीत घालून ताठ मानेनं घरी गेल्या. प्रेमदासांना मात्र काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या विहारात पोचल्या तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. ओसरीवर देवकाबाई एकट्याच. भिंतीला टेकलेल्या नव्हत्या, ताठ बसल्या होत्या.

"जयभीम, देवकामाय. आज लवकर?"

"जयभीम. ताना, एक इचारू का?"

"इचार ना."

"गाय कव्हा व्याली?"

तानाबाईंना काही कळलं नाही. "कोनाची गाय?"

"त्या घरची. तांबडी. परवापर्यंत गाभन होती. पह्यल्या दिवसापासून मी ध्यान ठेवून राह्यली. दिवाळीच्या टायमाले तिनं कास धरली. मंग आत्यानं गोठ्यात पेंढा टाकला. परवा तुनं वाचलं का गाय खात नाई, खाली बसते अन् उठते. मी म्हनलं, झालं, उद्या व्याते. रातभर तेच डोक्यात. अन् काल तुनं एकदम वाचलं का वासरू उन्हात उड्या मारून राह्यलं." देवकाबाई थांबल्या. "मधात कोनता दिवस गेला? मी तं काल आलीच होती. मी एक दिवस चुकली नाई."

कादंबरीत एक गाय आहे हे त्यांना पुसटसं आठवलं. वीस-पंचवीस पानांतून एकदा तिचं नाव यायचं, एखादी ओळ. त्या स्वतः केशवच्या मागे धावत होत्या. ही म्हातारी डोळे मिटून महिनाभर त्या गाईची वाट पाहत होती.

खोटं बोलता आलं असतं. लिहिणाऱ्यानंच लिहिलं नाही, एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. देवकाबाईंना पुस्तक उघडून पाहता येणार नव्हतं. आणि तेच तानाबाईंना असह्य झालं.

"मी गाळलं, माय," त्या म्हणाल्या. "अडतीस पानं. नुसतं धुकं होतं. मले वाटलं, तुमी कटाळान."

तोवर पौर्णिमा आणि आणखी दोघी आल्या आणि काहीतरी झालंय हे ओळखून पायरीवरच थबकल्या.

"तुले एक सांगतो," देवकाबाई म्हणाल्या. बाया-बाप्यांत राबून त्यांच्या बोलण्याला ती पुरुषी ढब आली होती. "माहा भाऊ नागपूरले मिलमंधी होता. मी आंजीले. त्याचं पत्र आलं तं मी गुरुजीकडं घेऊन गेली. गुरुजी जेवाले बसतच होते. उभ्या उभ्या वाचलं. समदे खुशाल हाये, पानी बरा हाये, पोराले पापा. मी पत्र पदरात बांधलं अन् घरी आली. मंग वर्षभरानं भाऊ भेटला तं तोंड फिरवून बसला. म्हने, मी लिवलं होतं ना तुले, अमक्या तारखेले मी मुंबईच्या गाडीनं जाऊन राह्यलो, वर्ध्याच्या ठेसनावर गाडी थांबते, पोराले दाखवाले आनजो. गाडी निंगेपर्यंत तो दारात उभा होता."



"गुरुजीचं माह्याशी काही वाकडं नोतं. चांगला मानूस होता. त्याले भूक लागली होती. त्याले वाटलं असन, आता एवढं काय वाचाचं, घरची खुशाली सांगतली का झालं." देवकाबाईंनी पदर सारखा केला. "तुयं बी तसंच. तुले धुकं दिसलं. पन त्यात काय हाये ते तू मले आयकू द्याचं ना. मी ठरवलं असतं, कटाळाचं का नाई ते."

तानाबाईंना आयुष्यात साहेबांनी रागावलं होतं, लेखापरीक्षणवाल्यांनी छळलं होतं, एकदा तर एका सभापतीनं भर बैठकीत फाईल आपटली होती. त्या कोणापुढे त्यांची मान खाली गेली नव्हती. आज गेली. आपल्याला एकदा कोणीतरी मायेनंच म्हटलं होतं की तुला हे जड जाईल, आणि ते वाक्य आपण बावन्न वर्षं उराशी धरून बसलो. काल आपण तेच केलं. देवकाबाईंच्या वतीनं आपणच ठरवून टाकलं.

पण त्या फार वेळ मान खाली घालून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, चिमटी ओढली आणि ती ओसरीवरून खाली अंगणात भिरकावली.

"बसा समद्या," त्या पायरीवरच्या बायकांना म्हणाल्या. "पान दोनशे एक्कावन. आज हे अडतीस पानं पुरे होईपर्यंत मी उठनार नाई. ज्याले जाचं ते जाऊ शकते. अन् आजपासून मधात बोलाले मनाई नाई. मले बी लय बोलाचं हाये."

वाचन सुरू झालं. धुकं नदीवरून आलं, परसात शिरलं, खिडकीशी आलं. चौकटीवरची बुरशी आली. तानाबाई एकेक शब्द ठोकून वाचत होत्या. पहिल्या दहा पानांतच पौर्णिमा म्हणाली, "काकू, हा मानूस खिडकी पुसत काऊन नाई?" आणि तानाबाई पुस्तकावरून मान वर काढून म्हणाल्या, "तेच तं! दोनशे पानांपासून मले हेच इचाराचं होतं!" सगळ्या हसल्या. त्या हसण्यानं ओसरीवरचं काहीतरी आखडलेलं सुटलं.

ऊन भिंतीवर चढलं आणि गेलं. आवाज बसायला लागला. पौर्णिमा म्हणाली, मी वाचते थोडं, पण तानाबाईंनी नुसता पाण्याचा तांब्या मागितला. आणि मग दोनशे चौऱ्याहत्तराव्या पानाच्या मध्यावर, धुक्याच्या लांबलचक वाक्याच्या पोटात, साडेतीन ओळी आल्या. 'गोठ्यात कंदील हलला. आधी पाय दिसले, मग बराच वेळ काहीच नाही. आत्याने बाह्या वर केल्या. उजाडता उजाडता वासरू ओल्या पेंढ्यात उभे राहिले आणि पडले आणि उभे राहिले.'

"थांब," देवकाबाई म्हणाल्या. "अजून एकदा वाच."

तानाबाईंनी वाचलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदाही वाचलं. देवकाबाईंनी डोळे उघडले होते.

"आधी मागचे पाय आले का पुढचे?"

"ते नाई लिवलं."

"मागचे असन तं मुश्कील. पुढचे असन अन् डोकं फिरलं असन तं हात घालून सरळ करा लागते. आत्यानं केलं असन, बाह्या वर केल्या म्हनते ना. वासरामागून वार पडली का?"

"तेही नाई लिवलं, माय."

"काय लिवते मंग हा!" देवकाबाई चिडून म्हणाल्या. "वार नाई पडली तं गाय मरते. चारशे ओळी धुक्याच्या लिवल्या अन् ते एक लिवाले हात दुखला?"

पौर्णिमा हसून हसून आडवी झाली. पण देवकाबाई हसत नव्हत्या, आणि तानाबाईही हसल्या नाहीत. त्या दोनशे चौऱ्याहत्तरावं पान पाहत होत्या. साडेतीन ओळी, आणि त्यात सगळं घडलं होतं. सदानंदाच्या पुस्तकात घडलेली ही पहिली गोष्ट होती, आणि तीच त्यांनी चिमटीत दाबली होती.

त्या दिवसापासून वाचनाची रीत बदलली. दर पानाला कोणी ना कोणी थांबवायचं. आत्या खोटी आहे की नाही यावर तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलत वाद व्हायचे. एकजण म्हणाली, केशवला आत्यानंच घालवला, माझी सासू अशीच होती. ओसरीवर भांडण चालतं हे वस्तीत कळलं, तशा गेलेल्या बायका परत यायला लागल्या. महिनाभर मुक्कामाला असलेले पाहुणेसुद्धा अचानक गेले. प्रेमदास दारातून विचारायचे, "मॅडम, आज किती पब्लिक?" आणि तानाबाई चपला काढता काढता सांगायच्या, "सतरा. तुमी येत असान तं अठरा."

पुस्तक मात्र बदललं नाही. ते तसंच सरपटत राहिलं. सदानंद अंगणात उतरला, नदीपर्यंत गेला आणि परत येऊन खिडकीपाशी बसला. तानाबाईंचा राग कमी झाला नाही, वाढतच गेला. फरक इतकाच की आता तो त्यांना मोठ्यानं बोलता येत होता. पन्नास-पन्नास पानांनी त्या पुस्तक मिटून स्वच्छ शब्दांत सांगायच्या की इथं लिहिणारा आळस करतोय, आणि इथं त्यानं शहाणपणा केलाय, आणि ही दोन्ही एकाच माणसाची कामं आहेत.

संक्रांत झाल्यावर चौथ्या दिवशी शेवटचं पान आलं. ओसरी भरली होती, दोघी-तिघी तर पायरीवर बसल्या होत्या. पत्र आलं. केशवचं अक्षर. सदानंदानं ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, खिडकीच्या चौकटीत उभं करून ठेवलं आणि बाहेर पाहत बसला. बाहेर बहुधा ऊन होतं.

तानाबाईंनी 'होते' हा शब्द पूर्ण वाचला आणि पुस्तक मिटलं.

"मंग?" पौर्णिमा म्हणाली.

"संपलं."

"संपलं म्हंजे? उघडलं नाई त्यानं?"

"नाई."

"काकू, पुढचं पान पाहा ना."

"पुढं कोरं हाये."

मग जो गलका झाला तो रस्त्यावर ऐकू गेला. एक म्हणाली, फसवणूक आहे. एक म्हणाली, त्यानं पत्र नंतर एकट्यानं उघडलं असेल, आपल्यासमोर कशाला उघडेल. तानाबाईंनी हात वर केला, ग्रंथवाचनात करतात तसा, आणि ओसरी गप्प झाली.

"मी माह्यं सांगतो," त्या म्हणाल्या, आणि देवकाबाईंची ढब आपल्या तोंडात कधी आली हे त्यांना कळलंही नाही. "सहाशे बारा पानं मी वाचली. एक ओळ राह्यली नाई. काही जड गेलं नाई मले, अन् तुमाले बी नाई. मंद होतं, जड नोतं. ह्या दोन गोष्टी येगळ्या हायेत, अन् ज्यानं मले पह्यले जड म्हनून सांगतलं त्यानं एकतर हे वाचलं नसन, नाई तं आमाले पाह्यलं नसन. आता माह्यं मत. मले नाई आवडली. गाईचं पान सोन्यासारखं हाये, पेटीचं बरं हाये, बाकी ह्या मानसाले दोनशे पानं लय झाली असती."

"मले तं आवडली," देवकाबाई भिंतीकडून म्हणाल्या.

"काय आवडलं, माय? वारेचं तं लिवलं नाई त्यानं!"

"नाई लिवलं. चुकलाच तो. पन घर बराबर लिवलं. घरात असंच राहते. रोज काहीच होत नाई, अन् मंग एका सकाळी वासरू उभं राहते. तुले घाई हाये, तू ऑफिसवाली. तुले रोज फाईल पुढं सरकली पाह्यजे."

"अन् पत्र? पत्र उघडाचं नाई का मानसानं?"

"उघडाचं का नाई ते त्याचं तो पाहीन. त्याच्या भावाचं हाये."

"हे काही उत्तर झालं?"

"झालं नाई तं तू सांग उत्तर. तुले वाचता येते."

पुन्हा गलका झाला. या वेळी ओसरीची सरळ दोन टोकं पडली. पौर्णिमा तानाबाईंच्या बाजूनं तावातावानं बोलत होती, सुई हातात तशीच. चार वाजले, ऊन गेलं, कोणी उठेना. शेवटी कोणीतरी विचारलं, उद्यापासून कोणतं पुस्तक?

"उद्या पुस्तक नाई," तानाबाई म्हणाल्या. वाचून बसलेला आवाज आता मोकळा झाला होता. "उद्या हेच. माह्यं अजून सांगून झालं नाई. दोन वाजता या. ज्याले आवडली ते त्या समोरच्या भिंतीकडं बसा, ज्याले नाई आवडली ते माह्याकडं."

देवकाबाईंनी उद्याची वाट पाहिली नाही. आपलं बसायचं गोणपाट उचललं आणि गुडघे धरत, एकेक पाऊल टाकत, समोरच्या भिंतीशी जाऊन बसल्या. त्यांच्यामागे आणखी तिघी उठल्या. तानाबाईंनी त्या मोजल्या, पुस्तक पुन्हा उघडलं आणि पान शोधायला लागल्या, जिथून त्यांना चूक दाखवायला सुरुवात करायची होती.